गेममधला नायक कुत्रा आहे. त्याच्या नजरेतून जग काळं-पांढरं दाखवावं का?

नाही, काळं-पांढरं दाखवू नका. कुत्र्याला रंग दिसतात, फक्त आपल्यापेक्षा कमी. माणसाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोनच. म्हणून निळा आणि पिवळा त्याला चांगले वेगळे कळतात, लाल आणि हिरवा मात्र पिवळट-तपकिरी छटांत मिसळून जातात. नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्ज या संशोधकांनी १९८९ मध्ये कुत्र्यांना रंग निवडायला शिकवून हे तपासलं होतं. गवतात पडलेला लाल चेंडू त्याला रंगावरून सापडणं कठीण. तोच चेंडू घरंगळला तर लगेच दिसेल, कारण हालचाल टिपण्यात त्याची नजर तरबेज असते.

पण खरं सांगायचं तर रंगांपेक्षा वासावर जास्त मेहनत घ्या. माग काढणारा कुत्रा मोजक्या पावलांच्या वासावरून माणूस कोणत्या दिशेला गेला हे ओळखू शकतो. म्हणजे खोलीत कोण येऊन गेलं, किती वेळापूर्वी, कुठे निघून गेलं, हे सगळं एकही संवाद न लिहिता खेळणाऱ्याच्या हाती देता येतं. ताजा वास ठळक, शिळा फिकट, एवढा नियम पाळला तरी पुरे.

एक अडचण: असे रंग वापरले की लाल रंगातल्या धोक्याच्या खुणा खेळणाऱ्यालाही दिसेनाशा होतील. त्या निळ्यात आणा किंवा आवाजावर सोपवा.