डोंबिवलीत कोकण्या, गावात मुंबयवालो

ताई, माझा जन्म डोंबिवलीचा, वय 41. वडील देवगड तालुक्यातले, परळच्या गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर त्यांनी वॉचमनची नोकरी केली. आई कऱ्हाडकडची. मे महिन्यात आणि गणपतीला आम्ही गावी यायचो. डोंबिवलीत मला सगळे ‘कोकण्या’ म्हणायचे. चार वर्षांपूर्वी आई, बायको आणि मुलीला घेऊन गावातच राहायला आलो. आंब्याची कलमं बघतो, दोन खोल्यांचा होमस्टे चालवतो. इथे मात्र मी ‘मुंबयवालो’. गेल्या गणपतीत चुलतभावाची बायको चारचौघांत म्हणाली, ‘हेका काय कळतला?’ मी मालवणी बोललो की लोक हसतात, दहा वर्षांची मुलगीसुद्धा चुका काढते. पाहुण्यांसमोर सगळं अस्सल मालवणी ठेवायची माझी धडपड असते. आईची ज्वारीची भाकरी आणि खर्डासुद्धा त्यांच्या पानात येऊ देत नाही. तरी आपण सोंग करतोय असं वाटत राहतं. मी नेमका कुठला?

दादा,

लोक हसतात ते वाचून मला काही झालं नाही. लोक हसतातच. मला खटकला तो खर्डा. त्याच्याकडे येते, पण आधी तुमचं डोंबिवलीचं गणित बघू.

डोंबिवलीतली वर्षं तुम्ही कोकणीपणातून वजा करता आहात. कोकणातलं असं एक घर दाखवा ज्याचं कुणीच कधी मुंबईत नव्हतं! इथली शेती पावसावरची, भात वर्षाला पुरायचा नाही, त्यामुळे गिरण्या निघाल्या तसे इकडचे पुरुष लालबाग-परळ गाठू लागले. गावाच्या नावाची चाळीत एक खोली असायची. भिंतीला ट्रंका, पाळी संपवून आलेला झोपायचा तेव्हा दुसरा कामावर निघायचा, जेवण खानावळीत. इकडे म्हातारी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायची, कारण वाण्याची उधारी मनीऑर्डरवर फिटायची. दशावतार आणि नमन-खेळे परळच्या दामोदर नाट्यगृहात रंगायचे, आणि पुढे बसलेले निम्मे प्रेक्षक एकमेकांचे गाववाले असायचे. 18 जानेवारी 1982 पासून गिरण्या थांबल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्याची झळ इथल्या चुलीपर्यंत आली. तुमच्या वडिलांनी वॉचमनचा गणवेश चढवला तो त्यानंतर. तेव्हा तुम्ही वाढलात ते घर चांगलंच कोकणातलं होतं. पत्ता तेवढा डोंबिवलीचा.

देवळातलं गाऱ्हाणं कधी नीट ऐकलंत का? मानकरी देवाकडे मागणं मागतो ते गावात राहणाऱ्यांसाठी, आणि पोटासाठी मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांसाठीही. प्रत्येक मागण्याला मागून ‘व्हय म्हाराजा’ येतं. तुमच्या वडिलांचं बरं मागताना गावाने कधी त्यांचा पत्ता विचारला नाही.

आता त्या वहिनींचं. तुम्हाला राग येईल, पण त्यांच्या बोलण्यात मला भाषेपेक्षा जमीनच जास्त ऐकू येते. आपल्याकडचा सात-बारा तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांचं नाव कमी व्हायचं राहिलेलं असतं, त्याखाली काका, आत्या, त्यांची मुलं, निम्मी मुंबईत, दोन-चार वारलेली. वाटप झालेलं नसतं. आणि इतकी वर्षं दर पावसाळ्याआधी कौलं परतली कुणी? घरपट्टी कुणी भरली, मोहोरावर फवारणी कुणी केली, माकडं हाकलली कुणी, दिवा कुणी लावला? तुमच्या भावाने आणि वहिनीने. तुम्ही मे महिन्यात आलात, आंबे खाल्लेत, पेटी भरून नेलीत. मग एके दिवशी सामान घेऊन आलात आणि त्याच घरात होमस्टेची पाटी लागली. तुमचा हक्क नाही असं मी म्हणत नाही, कागदावर तो आहेच. पण त्या वीस-पंचवीस वर्षांची दखल तुम्ही एकदा तरी तोंडाने घेतलीत का? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही. ‘हेका काय कळतला’मध्ये मला तीच जुनी थकबाकी ऐकू येते. तुम्ही उद्या शुद्ध मालवणीत बोललात तरी ती फिटायची नाही.

म्हणून भावाशी बसून हिशेब करा. कौलांचा खर्च, फवारणीचा, कलमांच्या राखणीचा. होमस्टेच्या कमाईतलं काही घराच्या डागडुजीला काढून ठेवता येईल का ते त्याला विचारा. बागेचा सल्लाही त्याच्याकडूनच घ्या. गेल्या वर्षी कुठल्या कलमाला मोहोर आला आणि कुठलं रुसलं, हे त्याला झाडागणिक पाठ असणार. चुलतभावाला विचारण्यात कमीपणा नसतो.

भाषेची मला फारशी काळजी नाही. मुलगी चुका काढते, काढू द्या. तुम्ही ‘मी आलो आसा’ म्हणत असाल आणि ती ‘मी इलंय म्हण, बाबा’ असं दरडावत असेल तर तुम्हाला घरातच फुकटची शिकवणी मिळाली आहे. ती इथल्या शाळेत मारामाऱ्या करून मालवणी शिकली, तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीत. ती तुमच्या पुढे जाणारच. रत्नागिरीचं उदाहरण घ्या. इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाची गादी काढून घेतली आणि त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. राजा 1916 मध्ये तिथेच वारला. त्याची एक नात मात्र रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, तिथल्याच माणसाशी संसार केला. आजोबांचं सिंहासन मंडालेला, नातीचा बाजारहाट रत्नागिरीत! माणूस जिथे रोजचं भांडतो आणि उधारी करतो तिथला होत जातो. चार वर्षांत तुम्हीही थोडे झालाच आहात.

फक्त एक करा, पाहुण्यांसमोर मालवणी बोलायचं बंद करा. ‘येवा, कोकण आपलोच आसा’ हे पुण्याच्या पाहुण्यांना ऐकवताना तुम्हाला सोंग वाटत असेल तर ते सोंगच आहे. मालवणी बंदरावर मासळीचा भाव करताना बोला, बस चुकल्यावर बोला, भजनाला मागच्या रांगेत बसून झांज वाजवताना बोला. तिथे चुकलात तर हसतील आणि विसरतील.

आणि आता खर्डा. दादा, तुमच्या आई कऱ्हाडहून लग्न करून आल्या, डोंबिवलीत गिरणीकामगाराचा संसार केला, संपाच्या वर्षांत तो कसा रेटला ते त्यांनाच माहीत. आज त्यांच्या हातचं जेवण ‘अस्सल’ नाही म्हणून तुम्ही ते आतल्या खोलीत ठेवता. ज्या मालवणी मसाल्याची तुम्ही पाहुण्यांपुढे एवढी शेखी मिरवता, त्यातली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. अंगणातला काजूही तसाच आला. त्यांना पानात जागा मिळते आणि तुमच्या आईच्या भाकरीला मिळत नाही, याला काय म्हणायचं? तुमच्या घरी लहानपणापासून बांगड्याचं तिखलं आणि ज्वारीची भाकरी एका ताटात येत असणार. तेच तुमच्या घरचं जेवण आहे, पाहुण्यांनाही तेच वाढा. कुणी विचारलंच तर आई कऱ्हाडची आहे असं सांगा, आणि त्यांना बाहेर बोलावून ओळख करून द्या. तांदळाची भाकरी आसपास सगळीकडे मिळते, पाहुण्यांना ती कुठेही खाता येईल.

वहिनींनाही एकदा त्या ताटावर जेवायला बोलवा. हिशेब झाल्यानंतर, आधी नको, नाहीतर त्यांना वाटेल जेवण घालून गोड बोलतोय.

भावाशी बोलणं दिवाळीच्या पुढे ढकलू नका. मोहोर फुटला की त्यालाही वेळ नसतो, तुम्हालाही नसेल.

– ताई