देमेर्समानची फँटसी बसवताना
एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच संगीतकार देमेर्समान मुळात बासरीवादक, त्यामुळे ऑल्टो सॅक्सोफोन-पियानोच्या या फँटसीत, म्हणजे एका धुनेभोवती मोकळेपणाने रचलेल्या तुकड्यात, सुरांची नुसती झुंबड आहे. घाबरू नकोस. सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ सॅक्स १८५७ पासून पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, हे वाद्य शिकवत होता. त्याच काळातलं हे संगीत, मिरवायलाच लिहिलेलं. तरी आधी मूळ धून तोंडाने म्हण. श्वास आपसूक तुटेल तिथे पेन्सिलने खूण कर. झरझर जागा मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून, चार-चार सुरांचे तुकडे पाडून घोटायच्या. आणि वाद्य गार असताना पियानोशी जुळवू नकोस. फुंकून तापलं की सूर चढतो. मी एकदा ही घाई केली आणि शेवटपर्यंत पियानोच्या वरच वाजत राहिलो. पियानोची पानंही समोर असू देत. तुझ्या विरामात तिथे काय चाललंय, ते कळलं पाहिजे.