अंगणात एकच होडी बांधायची असेल, तर कोणती पद्धत निवडावी?

मांडवीत वल्हवण्यासाठी १२ फुटांची होडी घरी बांधताना फायबरचा साचा, लाकडी पट्ट्या की प्लायवूड, असा आपला प्रश्न आहे. ही पहिलीच होडी असेल, तर माझे मत निःसंशय प्लायवूडच्या बाजूने आहे. साचा तयार करण्यास जवळजवळ एक होडी बांधण्याइतकेच श्रम पडतात, त्यामुळे एका होडीसाठी तो परवडत नाही.

प्लायवूडच्या पद्धतीत तक्ते आराखड्याप्रमाणे कापून, कडांना भोके पाडून ते तांब्याच्या तारेने तात्पुरते शिवतात, सांध्यांत इपॉक्सीची (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेची) लुगदी भरतात आणि त्यावर काचतंतूंची पट्टी चढवतात. ब्रिटनमध्ये १९६३ साली आलेल्या ‘मिरर’ या शिडाच्या होडीमुळे ही रीत हौशी लोकांत रुळली. (२०२५ साली नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे जहाज गोव्यातच काथ्याने शिवले गेले, पण तेथील शिवण कायमची असते.) प्लाय आयएस ७१० (सागरी प्लायवूडचे भारतीय मानक) शिक्क्याचेच घ्यावे आणि उघड्या कडा इपॉक्सीने पूर्ण बंद कराव्यात, कारण पाणी बहुधा तेथूनच शिरते.

प्लाय एका वेळी एकाच दिशेला वाकत असल्याने होडीला कोन राहतात. गोलाई हवीच असेल, तर अरुंद लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवत जाण्याची पद्धत सुंदर आहे. मात्र घासकाम पुष्कळ पडते.

आपल्याकडील पावसाळी दमटपणात इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो. तो पाण्याने धुऊन व घासून काढल्याशिवाय पुढचा हात देऊ नये. शक्यतो हे काम नोव्हेंबरनंतरच सुरू करावे.