एम.एस्सी. गणित पूर्ण करायला काय काय लागतं?

तुम्ही टी.वाय.बी.एस्सी.ला आहात आणि विचारलंय की एम.एस्सी. गणिताची पदवी हातात पडेपर्यंत काय काय करावं लागतं, शिवाय मराठी माध्यम आड येईल का. मी एम.एस्सी.च्या वर्गांना शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कागदावरचं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला साधारण ८८ क्रेडिट्स, म्हणजे सेमिस्टरला २२. मुख्य पेपरांशिवाय रिसर्च मेथडॉलॉजी, पहिल्या वर्षी ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर पी.जी. डिप्लोमा मिळतो. प्रवेशाच्या अटी आणि तारखा विद्यापीठागणिक बदलतात, त्या माहितीपत्रकातच बघा. आयआयटीत जायचं असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण.

एक आकडा मात्र आजच लिहून ठेवा: ५५ टक्के. पुढे नेट-सेट या पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापक व्हायचं असेल तर खुल्या प्रवर्गाला एम.एस्सी.त एवढे लागतातच, एस.सी., एस.टी. आणि नॉन-क्रीमीलेअर ओबीसींना ५०. नुसतं पास व्हायचं म्हणून अभ्यास केला आणि मग दोन टक्क्यांसाठी अडकून पडली, अशी हुशार मुलं बघून फार वाईट वाटतं.

आता खरी अट. बी.एस्सी.त गणितं सोडवून निभावतं, इथे सिद्धता लिहावी लागते. रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप्स-रिंग्ज, टोपॉलॉजी, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, पुढे मेझर थिअरी आणि फंक्शनल अ‍ॅनालिसिस, सगळीकडे तेच. उदाहरण घ्या. संख्येचा वर्ग देणारं फलन सगळ्या वास्तव संख्यांवर कंटिन्युअस आहे, पण युनिफॉर्मली कंटिन्युअस, म्हणजे सगळीकडे एकाच मापाने कंटिन्युअस, नाही. का? 'आलेख वर चढत जातो' हे उत्तर नव्हे. 'न' ही कोणतीही नैसर्गिक संख्या; 'न' आणि 'न + १/न' हे दोन बिंदू घ्या. त्यांच्यातलं अंतर १/न, ते हवं तितकं लहान करता येतं. वर्गांतला फरक मात्र २ + १/न², म्हणजे कायम २ पेक्षा जास्त. त्यामुळे एप्सिलॉन (वर्गांतल्या फरकाची मर्यादा) २ घेतला की कोणताच डेल्टा (बिंदूंतल्या अंतराची मर्यादा) सगळीकडे पुरत नाही. झाली सिद्धता. आता हेच फलन ० ते १ वर घेतलं तर काय बदलतं, ते पुस्तक मिटून स्वतः लिहून बघा. जमलं तर तुमची तयारी चांगली आहे. नाही जमलं तर जूनपर्यंत सीक्वेन्सेस आणि कंटिन्युइटी पहिल्यापासून करा, रोज एक सिद्धता न बघता लिहून. पाठ करू नका. पेपरात एक अट बदलली की पाठांतर कोसळतं.

मराठी माध्यमाची भीती काढून टाका. सिद्धतेला लागणारं इंग्रजी थोडं आणि ठरावीक असतं, एका सेमिस्टरमध्ये हाताला बसतं. वर्गात शंका मराठीत विचारा, उत्तर इंग्रजीत लिहा. माझे कितीतरी विद्यार्थी असेच पुढे गेलेत.

आणि एमटीटीएसच्या (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिराला अर्ज कराच. प्रा. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये ते सुरू केलं. तिथे तयार सिद्धता फळ्यावर उतरवून देत नाहीत, प्रश्न विचारत विचारत ती तुमच्याकडूनच काढून घेतात. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातही अर्ज करता येतो, त्यामुळे यंदा निवड झाली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा करा.