वकिलांची टिंगल, की अशिलाची कड?

प्रश्न: माझे सासरे साताऱ्याला वकिली करायचे. त्यांच्या ऑफिसमधलं एक फ्रेम केलेलं चित्र आता आमच्या हॉलमधे आहे. काळ्या झग्यातला, मान ताठ केलेला वकील आणि शेजारी रुमालानं डोळे पुसणारी बाई, खाली फ्रेंचमधे ओळ, आणि 'एच. डी.' अशी सही. नातेवाईक म्हणतात, वकिलांची बदनामी आहे, काढून टाका. काय करू? आणि हे ओरिजिनल असेल का?

उत्तर: अजिबात काढू नका! तुम्ही सांगताय त्यावरून हे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए यांचं चित्र दिसतंय. 'कोर्टातली माणसं' ही त्यांची मालिका पॅरिसच्या 'शारिव्हारी' या व्यंगचित्रांच्या पेपरात 1845 ते 1848 या काळात आली, त्यातलं हे फार गाजलेलं. खालच्या ओळीत वकील त्या बाईला म्हणतोय की केस हरलात हे खरं, पण माझा युक्तिवाद ऐकताना तुम्हाला मजा तर आली असेल ना.

दोमिए यांनी कोर्ट आतून बघितलेलं होतं. लहानपणी कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या बेलिफाकडे पोऱ्या म्हणून राबले, पुढे फ्रान्सचा राजा लुई फिलिप याला जनतेचा पैसा गिळणारा राक्षस दाखवला म्हणून 1832 मधे सहा महिन्यांची शिक्षा झाली, आणि 1835 मधे असा कायदा आला की आधी सरकारची परवानगी घेतल्याशिवाय चित्र छापायचंच नाही, म्हणजे राजावर बोलायची सोयच संपली, मग त्यांनी समाजाकडे नजर वळवली आणि त्यात वकील, न्यायाधीश सगळे आले.

आता एक करा, ती ओळ हातानं झाकून चित्र बघा, कारण या ओळी बऱ्याचदा पेपरातलेच दुसरे लोक लिहायचे, दोमिए यांचं म्हणणं चित्रातच असतं. वकील स्वतःवरच खूष आहे, आणि जिची केस होती तिच्याकडे त्याचं लक्षच नाही. याच मालिकेत एक न्यायाधीश भुकेपोटी चोरी केलेल्या आरोपीला सांगतो की भूक मलाही जवळजवळ रोज लागते, पण म्हणून मी काही चोरी करत नाही. मला तर ते बघून हसूच येत नाही, राग येतो, आणि दोमिए यांनाही तोच आला असणार. ही धंद्याची बदनामी नाही हो, अशिलाची कड घेतलीय त्यांनी, आणि तुमच्या सासऱ्यांनी हे चित्र रोज डोळ्यांसमोर ठेवलं याचं मला खरंच कौतुक वाटतं.

ओरिजिनलचं म्हणाल तर हे शिळाछापाचं काम, आपल्याकडे मळवलीला रविवर्म्यांच्या प्रेसमधे चालायचं तेच तंत्र. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, की शाई फक्त खडूच्या रेघांना धरते. भिंग घेऊन झग्याचा काळा भाग बघा, खडूचे वेडेवाकडे, लहानमोठे कण दिसले तर आशेला जागा आहे, एकसारख्या ओळीत ठिपके दिसले तर नंतरची ऑफसेट कॉपी. फ्रेम उघडून मागची बाजूही बघा, पेपरातल्या प्रतींवर मागे फ्रेंच मजकूर छापलेला असतो, पण वेगळ्या चांगल्या कागदावर काढलेल्या प्रतींची मागची बाजू कोरी असते, तेव्हा कोरी दिसली म्हणून लगेच नकली समजू नका. मात्र फ्रेम स्वतः उघडू नका, कागद जुना असेल तर चिकटलेला असतो, फ्रेमवाल्याकडूनच उघडून घ्या.