भाजी डाळीच्या डब्यातून
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत एकच रड वेगवेगळ्या तोंडांनी आहे: दोन वेळचा घरचा सैपाक करायचा, पैसे मोजके आणि भाजीबाजारात गेलं की पाकीट रिकामं. भाव दर आठवड्याला हलतात, अंक हातात पडेपर्यंत शिळेही होतात. म्हणून उत्तरांत रुपये कमी आणि ग्रॅम जास्त आहेत. आपापल्या गावच्या भावाने गुणून घ्या.

आम्ही पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई, दोन शाळकरी मुलं. गॅस सोडून सैपाकाला रोजचे 200 रुपये निघतात. रेशनकार्ड प्राधान्य गटाचं आहे. रोज सकाळी पैसे घेऊन निघते, ऐंशी-नव्वद भाजीतच जातात, वीस तारखेनंतर तेल उधार आणावं लागतं. चूक कुठे होते? (एक भगिनी, धरणगाव)

ताई, चूक 'रोज' या शब्दात आहे. रोजचे 200 म्हणजे महिन्याचे 6000. ते रोज सुट्टे खर्च केले की पुड्यांत जातात. दहा रुपयांची मिरचीची पुडी घ्या, मागे छापलेलं वजन बघा आणि किलोचा भाव काढा. त्यानंतर पुडी घेण्याचा हात आपोआप आखडेल. मजुरी आठवड्याला मिळत असेल तर हाच हिशेब आठवड्याचा करा, पण आधी किराणा आणि उरेल त्यात भाजी, हा क्रम मोडू नका.

तुमच्या घराला महिन्याला साधारण इतकं लागेल. प्राधान्य गटात माणशी 5 किलो म्हणजे तुम्हाला 25 किलो गहू-तांदूळ मिळतो, जानेवारी 2023 पासून तो मोफत आहे. त्यावर 15 किलो ज्वारी विकत घ्या. सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून 9 किलो (माणशी रोज 60 ग्रॅम), तेल साडेतीन किलो, शेंगदाणे 2 किलो, कांदे 8 किलो, लसूण पाऊण किलो, मिरचीपूड 400 ग्रॅम. दूध रोज अर्धा लिटर, शिवाय साखर, चहा, मीठ, जिरं. हे सगळं एक तारखेला बाजूला काढा (दुधाचे पैसे वेगळ्या डबीत), उरलेल्या रकमेला 30 ने भागा. तो आकडा तुमचा भाजीचा रोजचा पैसा. बहुधा तो आत्ताच्या ऐंशी-नव्वदपेक्षा बराच खाली येईल. घाबरू नका, कारण 9 किलो डाळीतून आठवड्यातले तीन-चार दिवस भाजीच निघणार आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पूर्वी हिरवी भाजी मिळतच नसे. म्हणून खान्देशात पातोड्या, डुबुकवडे, फुणके, शेंगोळे, उडदाची घोटलेली डाळ हे सगळं 'भाजी' म्हणूनच ताटात पडतं. 200 ग्रॅम डाळीत पाच माणसांची भाजी होते आणि पोटाला आधारही राहतो. त्याच पैशांत पाव-पाव किलोच्या दोन भाज्या आणल्या तर वास येतो, पोट भरत नाही. मात्र ताटात हिरवं काहीच नको असं आम्ही म्हणत नाही. पोकळा, आंबटचुका, अंबाडी, शेवग्याचा पाला यांपैकी काहीतरी एक दिवसाआड हवंच. अंबाडीत ज्वारीच्या कण्या घातल्या की एका जुडीत घर जेवतं. आठवडेबाजारात दिवस मावळताना जा. पालेभाजी दुसऱ्या दिवशी टिकत नाही हे विकणाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

डाळीतही बचत आहे. जळगाव भागात डाळ मिल पुष्कळ. तिथे किंवा मोठ्या किराण्यात तुकडा डाळ, म्हणजे चुरी, अख्ख्या डाळीपेक्षा स्वस्त मिळते. वरणाला आणि वाटायच्या पदार्थांना ती चांगली, उलट लवकर शिजते. घेताना चुरीच मागा. चुनी म्हणजे ढोरांचं खाद्य, तिच्यात टरफल आणि भुसा असतो.

मिरचीचं एक सांगायचं राहिलं. हंगामात, नंदुरबारचा लाल मिरचीचा बाजार भरात असतो तेव्हा, वर्षाची 5 किलो सुकी मिरची एकदम घ्या. दोन दिवस कडक उन्हात वाळवून कांडून आणा. एकदम पैसे नसतील तर दोन-तीन घरं मिळून पोतं घ्या.

कळण्याचं (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाचं) प्रमाण प्रत्येक जण वेगळं सांगतो. नक्की काय धरायचं? आमची भाकरी थापताना चिरते आणि संध्याकाळपर्यंत चामड्यासारखी होते. (पारोळा)

4 किलो ज्वारीला 1 किलो अख्खे काळे उडीद आणि 50 ग्रॅम खडेमीठ. दादर (रब्बीची ज्वारी) मिळाली तर उत्तम. उडीद याहून वाढवले तर पीठ हाताला चिकटतं आणि भाकरी वातड होते. कमी केले तर कळणं म्हणायचं नुसतं नावाला.

ज्वारीत लायसीन (प्रथिनाचा एक घटक) कमी असतं, उडदात ते भरपूर. दोन्ही एकत्र आले की दोघांची प्रथिनं अंगी लागतात. म्हणूनच कळण्याची भाकरी, ठेचा, कच्चा कांदा आणि चमचाभर तेल हे रानातल्या माणसाचं पूर्ण जेवण ठरलं. ज्या दिवशी भाजीचा पैसा नाही त्या दिवशी कळणंच वाढा. मीठ पिठातच आहे, त्यामुळे ठेच्यात हात आवरता ठेवा.

भाकरी चिरते याचं पहिलं कारण जुनं पीठ. ज्वारीच्या पिठाचा चिकटपणा दिवसागणिक उतरतो. 5 किलोचं दळण पाच माणसांना आठ-दहा दिवसांचं, त्याहून जास्त एकदम दळू नका. दळायच्या आधी उडीद दिवसभर उन्हात ठेवा, ओलसर उडीद जात्याच्या पाळीला चिकटतात. गिरणीत ज्वारीवरच दळायला सांगा. मिरची किंवा डाळीवर तुमचं दळण पडलं तर पहिला किलोभर वाया. घरी आणल्यावर पीठ परातीत पसरून पूर्ण निवू द्या. गरम पीठ डब्यात कोंबलं की आत वाफ धरते आणि आठवड्यात कडवट वास येतो.

दुसरं कारण पाणी. कळण्याचं पीठ नुसत्या ज्वारीपेक्षा जास्त पाणी पितं. कोमट पाणी घ्या, एका वेळी एकाच भाकरीचं मळा आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने रेटून मळा. सगळ्या भाकरींचा गोळा आधी मळून ठेवला तर शेवटच्या दोन पाण्यासारख्या सैल होतात. पीठ जुनंच असेल तर थोडं पाणी उकळून त्यात मूठभर पीठ घालून उकड काढा आणि ती बाकीच्या पिठात मळा.

चामडं होण्याचं कारण मंद आच. तवा आधी चांगला तापवा, भाकरी टाकली की वरून पाणी फिरवा आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटा. मग दुसरी बाजू भाजा आणि शेवटी जाळावर फुगवा. संध्याकाळसाठी ठेवायच्या भाकरी जाळीवर निवल्या की सुती कापडात गुंडाळा. स्टीलच्या डब्यात गरम ठेवल्या तर खालच्या भिजतात.

फुणके दगड होतात, डुबुकवडे रश्श्यात विरघळतात. दोन्हींत हात का बसत नाही? (शिरपूर)

फुणक्यांना तूरडाळ 150 ग्रॅम, हरभराडाळ 100 ग्रॅम. चार तास भिजवा, मग चाळणीत अर्धा तास तरी निथळू द्या. लसणाच्या 10 पाकळ्या, 5 हिरव्या मिरच्या, जिरं, मीठ घालून पाणी न घालता भरडसर वाटा. तिसरा हिस्सा डाळ जवळजवळ अख्खी राहिली तरी चालेल. बारीक पेस्ट केली की वाफवल्यावर ती विटेसारखी घट्ट बसते, तुमचं नेमकं हेच होतंय. त्यात चिरलेली कांद्याची पात किंवा मेथी मूठभर मिसळा, फुणके मोकळे होतात. मुठीत हलकेच दाबून लांबट मुटके करा, तेल लावलेल्या चाळणीत ठेवून 15 ते 20 मिनिटं वाफवा. सुरी कोरडी निघाली की झाले. गरम असतानाच कुस्करून त्यावर चमचाभर कच्चं तेल.

सोबतच्या कढीला अर्धा लिटर आंबट ताक, तेवढंच पाणी आणि 2 मोठे चमचे बेसन. बेसन थंड ताकातच घोटायचं, उकळी फुटेपर्यंत ढवळत राहायचं, मीठ शेवटी. हे तीन नियम पाळले की कढी फाटत नाही.

डुबुकवड्यांना 200 ग्रॅम हरभराडाळ, तशीच निथळून वाटलेली. रस्सा दीड लिटर ठेवा, वडे शिजताना तो घट्ट होतो. रस्सा खळखळ उकळत असतानाच वडे सोडायचे. आधी एकच टाका. तो बुडून वर आला तर बाकीचे सोडा, फुटला तर वाटणात चमचा-दोन चमचे बेसन मिसळा. सगळे टाकल्यावर पाच मिनिटं पळी घालू नका. बहुतेक गंजांत (पातेल्यांत) वडे विरघळत नाहीत, आपणच ते ढवळून मोडतो.

रेशनच्या तांदळात वेगळेच पांढरट दाणे येतात. ते प्लास्टिकचे म्हणून आम्ही निवडून टाकतो. बरोबर का? (साक्री)

नाही. ते पोषणयुक्त दाणे आहेत: तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 मिसळून दाण्याच्या आकारात काढलेले, साध्या शंभर दाण्यांमागे एक. ते हलके असल्याने धुताना काही तरंगतात आणि आपल्याला संशय येतो. निवडू नका. तांदूळ एकदा-दोनदाच हलक्या हाताने धुवा आणि बेताच्या पाण्यात शिजवा. पेज काढून ओतली तर त्यातलं सत्त्व मोरीत जातं.

भात घरात खपत नसेल तर तीन वाट्या ज्वारीला एक वाटी तांदूळ घालून दळा. भाकरी पांढरी आणि मऊ होते, मुलं कुरकुर करत नाहीत.

तर्री नसेल तर घरातले पुरुष जेवत नाहीत. साडेतीन किलो तेलात महिना कसा काढायचा? (यावल)

तर्री दिसायला हवी ना, मग ती वर घाला. वाटण परतायला 2 मोठे चमचे तेल घ्या. पाच माणसांना 2 भाजलेले कांदे, 25 ग्रॅम खोबरं, लसूण, आलं, कोथिंबीर. खोबरं महाग असेल तर अर्धं खोबरं आणि एक मोठा चमचा फुटाण्याचं डाळं. वाटण कढईला लागू लागलं की तेल न वाढवता पाण्याचा हबका मारा. असं चार-पाच वेळा करत मंद आचेवर दहा मिनिटं परता, मग काळा मसाला आणि गरम पाणी. गार पाणी घातलं तर तवंग बसतो.

वाढायच्या आधी पळीत दीड चमचा तेल तापवा, खाली उतरवा, अर्धा मिनिट थांबा आणि मग चमचाभर मिरचीपूड टाकून लगेच रश्श्यावर ओता. थांबला नाहीत तर मिरची जळून काळी पडते आणि सगळा रस्सा कडू होतो. एकूण तेल साडेतीन चमचे, रंग मात्र ढाब्यासारखा.

शेवभाजी स्वस्त असते हा मोठा गैरसमज आहे. पाच जणांना पाव किलो शेव लागते, आणि शेव म्हणजे बेसनासोबत विकत घेतलेलं तळणीचं तेल. त्याच रश्श्यात पातोड्या सोडल्या तर 150 ग्रॅम बेसनात काम होतं. एक वाटी बेसन, दोन वाट्या पाणी, हळद, मीठ, ओवा घालून गुठळ्या मोडत शिजवा. बोट लावलं तर चिकटत नाही इतकं आटलं की तेल लावलेल्या ताटात थापा, निवल्यावर वड्या कापा. बोटाला चिकटत असताना थापलं तर रश्श्यात पिठलं होणार. वड्या वाढताना सोडा, आधी सोडल्या तर रस्सा पिऊन टाकतात.

सकाळी केलेलं वरण संध्याकाळी आंबतं, टाकावं लागतं. फ्रीज नाही. (भुसावळ)

भाऊ, मे महिन्यात तुमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, तिथे वरणाचा काय दोष! उन्हाळ्यात पातळ पदार्थ एका वेळेपुरताच करा. संध्याकाळसाठी कोरडं ठेवा: सुकी चटणी, भाकरी. गरम गंजावर घट्ट झाकण ठेवू नका. परातीत पाणी घेऊन गंज त्यात ठेवा, वर ओलं फडकं टाका. दुपारपर्यंत निभतं, त्यापुढे नाही.

भाताचा धोका जास्त. शिजलेल्या भातात जंतू वाढले की त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उन्हाळ्यात सकाळचा भात रात्री मुलांना घालू नका. तांदूळ मोजून टाका, माणशी 60 ग्रॅम पुरे. शिळ्या भाकरीला ही भीती नाही: कुस्करून कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी द्या, नाहीतर ताकात कालवा. तिच्यावर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर तेवढाच तुकडा मोडून बाकीची खाऊ नका, आणि ती ढोरांपुढेही टाकू नका.