सेजिल्ला, सेहीया की खुंटीचा कॅपो?

प्रश्न आलाय तो असा: "फ्लेमेंको गिटारसाठी मी घरीच शिसवीचे कॅपो घडवतो. स्पॅनिशमध्ये याला 'सेजिल्ला' म्हणतात असं वाचलं. डबीवर मराठी नाव छापायचं आहे. 'स्वरबंधक' कसं वाटतं?"

'स्वरबंधक' ऐकून मला आधी खोकल्याचं औषध आठवलं. शिवाय अर्थही चुकतो. कॅपो म्हणजे गिटारच्या सगळ्या तारांवर आडवा दाबून बसवायचा तुकडा. तो लावल्यावर स्वर बांधला जात नाही, चढतो. गिटारच्या दांडीवर तो जितके पडदे पुढे सरकवाल तितके अर्धस्वर वर. मोकळी तार जिथून सुरू होते ती जागाच पुढे जाते, एवढंच त्याचं काम.

आता 'सेजिल्ला'. लिहिण्यात सी-ई-जे-आय-डबल एल-ए आहे, आणि इंग्रजीच्या चष्म्यातून वाचलं की 'सेजिल्ला' होतंच. पण स्पॅनिशमध्ये जे म्हणजे 'ख'सारखा घशातला आवाज आणि डबल एल म्हणजे आज बहुतेकांच्या तोंडी 'य'. माद्रिदकडे ऐकू येतं 'थेखीया'. फ्लेमेंको या गाण्या-नाचण्याच्या संगीतप्रकाराचं माहेर असलेल्या दक्षिण स्पेनच्या अंदालुसियात तो 'ख' नुसता 'ह' होतो आणि पुष्कळ ठिकाणी 'थ'चा 'स', म्हणून 'सेहीया'. वादकांचा उच्चार घ्यायचा तर हाच घ्यावा.

शब्दाची फोड सोपी आहे. 'सेहा' म्हणजे भुवई, आणि '-ईया' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. तारांवर आडवी बसलेली चिमुकली भुवई! हा प्रत्यय आपण रोज वापरतो, फक्त ओळखत नाही. 'व्हॅनिला' म्हणजे मुळात चिमुकली शेंग आणि 'गुरिल्ला' म्हणजे छोटं युद्ध. दोन्ही आपल्याकडे इंग्रजीमार्गे आले आणि वाटेत 'य'चा 'ल' करून घेऊन आले. सेजिल्लाही त्याच वाटेवर आहे. शेजारच्या पोर्तुगीजांनी भुवईऐवजी पापणीचा केस धरला. गिटारवर बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबतात, त्याला ते 'पेस्ताना' म्हणतात, आणि पेस्ताना म्हणजे पापणीचा केस. आपण सतारीच्या ब्रिजला घोडी म्हणतो, फ्रेंचही व्हायोलिनच्या ब्रिजला घोडुलं म्हणतात. वाद्यांचे भाग अशीच नावं घेतात, डोळ्यांना दिसेल ती. 'स्वरबंधक' कुणाला दिसणार?

'कॅपो' हे इटालियन 'कापोतास्तो'चं तुटलेलं शेपूट, खरं तर डोकं: कापो म्हणजे डोकं, तास्तो म्हणजे पडदा. पडद्यांचा म्होरक्या. हा मान मूळचा दांडीच्या टोकाला पक्क्या बसवलेल्या पट्टीचा. सतारीवर तिला आपण आड किंवा मेरू म्हणतो. इटालियनमध्ये आजही त्या पट्टीला कापोतास्तोच म्हणतात आणि आपल्या कॅपोला 'सरकता कापोतास्तो'. मग आपणही 'सरकता मेरू' का म्हणू नये? मी दोन दिवस या शब्दावर खूश होतो. मग लक्षात आलं की मेरू हा न हलणारा पर्वत. सरकणारा मेरू म्हणजे मुका कीर्तनकार. आणि 'सरकती आड' म्हटलं तर लोक पोहरा शोधतील.

'पट्टी' हाही मोह होतो, कारण काम पट्टी बदलण्याचंच आहे. गायकाला आपण विचारतो, "कुठली पट्टी? काळी चार?" फ्लेमेंकोतला गायक वादकाला सांगतो, "तिनावर, मधून." तीन म्हणजे तिसऱ्या पडद्यावर सेहीया, 'मधून' म्हणजे ए या स्वरावर टेकणारी बोटांची ठेवण. 'वरून' म्हटलं तर ई या स्वरावर टेकणारी. हिशेब करून बघा: तिनावर मधून म्हणजे आपली पांढरी एक, चारावर वरून म्हणजे काळी चार. गायकाचा गळा बदलला तरी वादकाची बोटं तीच राहतात, आणि मोकळ्या तारांचा झणकारही. म्हणून तर सेहीया तिथे गिटारच्या अंगाचा भाग होऊन बसली. ती फ्लेमेंकोत आणण्याचं श्रेय अंदालुसियातल्या कादिस शहरच्या गिटारवादक पातिन्यो उस्तादांना (1829–1902) देतात. पण मराठीत पट्टी हा शब्द आधीच स्वरासाठी अडकलेला आहे. "पट्टी लावून पट्टी वाढव" असं म्हणायची वेळ येईल.

एका मित्राने स्पेनमधल्या ग्रॅनडाहून आणलेली सेहीया माझ्या टेबलावर आहे. बोटाएवढा लाकडी ठोकळा, खालून चामडं चिकटवलेलं, म्हणजे तारा खरखरत नाहीत. ठोकळ्यातून नायलॉनची तार निघते, दांडीला मागून वळसा घालते आणि वरच्या खुंटीत जाते. दांडी घासू नये म्हणून वळशाखाली चामड्याचा पट्टा. खुंटी पिळली की तार ताणते आणि ठोकळा तारांवर दाबून बसतो. सगळी मेख खुंटीच्या निमुळतेपणात आहे. व्हायोलिनच्या खुंटीसारखा दर 30 मिलिमीटरला 1 मिलिमीटर उतार असला की ती वळते आणि वळवली तिथेच थांबते. माझी पावसाळ्यात सटकायला लागली तेव्हा सतार वाजवणाऱ्या शेजारीणबाईंनी खुंटीला खडू चोळून दिला. तेव्हापासून गप आहे. बाई मात्र तिला पहिल्या दिवसापासून 'खुंटीवाला कॅपो' म्हणतात. बाजारात मिळतो तो स्प्रिंगचा, हा खुंटीचा.

माझं मत बाईंच्या बाजूने. डबीवर मोठ्या अक्षरांत 'सेहीया' छापा आणि खाली 'खुंटीचा कॅपो'. हार्मोनियमला पेटी म्हणणाऱ्यांना याहून जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

लिंगाचं विचारलं नाहीत, पण अडचण येणारच आहे. स्पॅनिशमध्ये शब्द स्त्रीलिंगी, तेव्हा 'ती सेहीया'. पण मराठी कानाला '-या' हे अनेकवचन वाटतं: भुवई-भुवया, खुंटी-खुंट्या, घोडी-घोड्या. चार गिऱ्हाइकांच्या तोंडी गेला की हा शब्द 'एक सेही, दोन सेह्या' होईल असा माझा अंदाज आहे. झाला तर दुरुस्त करत बसू नका, पुढच्या डबीवर तसंच छापा.